मर्लिनचा प्याला आणि नारायणगावची द्राक्षं

बिली वाइल्डरचा 'द सेव्हन इयर इच' हा चित्रपट 1955 सालचा. त्यात मर्लिन मन्रो वरच्या मजल्यावरून खालच्या शेजाऱ्याकडे येते. एका हातात शॅम्पेनची बाटली, दुसऱ्या हातात बटाट्याच्या वेफर्सची पिशवी. मग ती एकेक वेफर शॅम्पेनमध्ये बुडवून खाते, आपल्याकडे चहात खारी बुडवावी तशी. शॅम्पेनबद्दलचा सगळा दरारा त्या एका वेफरमध्ये विरघळून जातो.

पडद्याबाहेरही तिला शॅम्पेनचं वेड होतं. रात्री झोपताना शनेल नंबर पाचचे चार थेंब आणि सकाळी उठल्यावर पायपर-हाईडसीकचा एक प्याला, अशा अर्थाचं वाक्य तिच्या नावावर सांगितलं जातं. 'दों पेरिन्यों' या शॅम्पेनचीही ती चाहती होती म्हणतात. यातलं पायपर-हाईडसीक हे नाव, श्रोतेहो, लक्षात ठेवा. ते आपल्याला जुन्नर तालुक्यात पुन्हा भेटणार आहे.

आधी एक खुलासा. मी पीत नाही. पण गझल लिहिणाऱ्याला साकी, जाम आणि मैखाना हे शब्द चुकवता येत नाहीत. आमच्या शहरात वली आणि सिराज यांच्यासारखे शायर होऊन गेले. त्यांच्या परंपरेतली शराब म्हणजे बहुतेक वेळा भान हरपणं, बाटलीचा तिथे संबंध नाही. गालिबची गोष्ट वेगळी. त्यांना खरोखरीची विलायती लागायची आणि ती ते गुलाबपाणी घालून घेत. शब्दाचंच बघा, अरबीत 'शराब' म्हणजे नुसतं पेय. आपलं सरबत त्याच धातूतून आलेलं आहे. एकाच घरातली दोन भावंडं, एक बदनाम झालं आणि दुसरं उन्हाळ्यात पाहुण्यांसमोर जातं.

तर शॅम्पेन म्हणजे काय? पॅरिसच्या पूर्वेला त्याच नावाचा प्रदेश आहे. खडूची, पांढरट, पाणी धरून ठेवणारी जमीन, आणि द्राक्षांना जेमतेम पिकू देणारी थंडी. त्यामुळे द्राक्ष आंबटसर राहतं, आणि तो आंबटपणाच कामाचा. रस आंबवून साधी वाइन करतात. ती बाटलीत भरताना थोडी साखर आणि यीस्ट घालून बूच घट्ट बसवतात. बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवण होते. त्यातून निघणारा वायू बाहेर जाऊ शकत नाही, तो वाइनमध्येच मुरतो. आतला दाब मोटारीच्या टायरपेक्षा दुप्पट-तिप्पट असतो. पूर्वी बाटल्या फुटायच्या, म्हणून तळघरातले कामगार तोंडावर लोखंडी जाळी बांधून वावरत.

मग उरतो तो यीस्टचा गाळ. बाटल्या तिरप्या, हळूहळू उलट्या करत, दररोज थोड्या फिरवत नेतात. गाळ बुचाशी येतो. तेवढी मान गोठवून बूच काढलं की गाळाचा गोळा टुणकन बाहेर उडतो. ही फिरवण्याची युक्ती एका विधवा बाईच्या तळघरात पक्की झाली असं मानतात. बार्ब-निकोल पोन्सार्दें यांना 1805 मध्ये वैधव्य आलं तेव्हा त्या सत्तावीस वर्षांच्या होत्या. धंदा त्यांनी स्वतः चालवला, आणि आजही त्या बाटलीवर 'व्हव', म्हणजे विधवा, हा शब्द असतो. ज्या काळात आपल्याकडे विधवेला कोपरा दाखवत, त्या काळात तिकडे तो शब्द व्यापारचिन्ह झाला. साधी शॅम्पेनही निदान पंधरा महिने तळघरात काढते. मर्लिनच्या सकाळच्या प्याल्यामागे हा असा उद्योग होता.

आता जुन्नर तालुक्यात येऊ. 1980 च्या दशकात शामराव चौगुले यांनी नारायणगावला अशीच फेसाळ वाइन करायचं ठरवलं आणि तांत्रिक मदत मागितली ती थेट पायपर-हाईडसीककडे. फ्रान्सहून तज्ज्ञ आले. त्यांच्यापुढचं कोडं मोठं होतं. तिकडे वेल हिवाळ्यात झोपतो, छाटणी एकदाच होते, तोडणी सप्टेंबरच्या आसपास. आपल्याकडे वेलाला झोपच नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, आणि माल फेब्रुवारी-मार्चमध्ये. जालन्याकडच्या कडवंचीतला बागाईतदार हे वेळापत्रक झोपेतही सांगेल. आपलं ऊन द्राक्षात साखर भरतं आणि आंबटपणा पळवतं, म्हणून योग्य दिवशी तोडणी करणं यातच निम्मी कला. तरी नारायणगावची वाइन जमली, युरोपात गेली आणि जाणकारांच्या पुस्तकांत तिची नोंद झाली.

तिथे तिचं नाव होतं 'ओमर खय्याम'. हे नाव ऐकून मला हसूही येतं आणि खटकतंही. खय्याम 1048 साली निशापूरला जन्मले. त्यांनी घन समीकरणं सोडवली आणि इराणच्या पंचांगाची दुरुस्ती केली. आता लोक त्यांना ओळखतात ते प्याल्यामुळे, कारण 1859 मध्ये फिट्झगेराल्डनं रुबायांचं इंग्रजी केलं. मराठीत त्या आणल्या माधव जूलियन यांनी, आणि त्यातल्या एका पुस्तकाला त्यांनी नाव दिलं 'द्राक्षकन्या'. फारशी शिकवणारा हा माणूस मूळ पाहून लिहिणारा होता. बाटलीवरचे खय्याम मात्र फिट्झगेराल्डचे, आणि त्या बाटलीत मराठी माणसानं पिकवलेली द्राक्षं. गणितज्ञाच्या नशिबी काय काय येतं!

खय्यामांचं नाव घ्यावं लागलं त्याला कारण होतं. शॅम्पेन हा शब्द त्या प्रदेशाच्या मालकीचा आहे. दुसऱ्यानं तीच कृती, तीच द्राक्षं वापरली तरी तो शब्द वापरायचा नाही. फ्रेंचांनी यासाठी कोर्टकचेऱ्या केल्या आणि देशोदेशी नोंदण्या केल्या. मला यात त्यांचा गर्व दिसत नाही. किंमत बाटलीला आहे त्याहून जास्त गावाच्या नावाला आहे, आणि ते नाव राखलं तर द्राक्ष पिकवणाऱ्याच्या हातात काही उरतं, हे त्यांना फार आधी कळलं. आपल्याकडे शेतकरी माल पेटीत भरतो आणि नाव लावतो व्यापारी. नाशिक व्हॅली वाइनला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, पण ते बरंच उशिरा.

नारायणगावच्या कंपनीचं पुढे चांगलं झालं नाही. तिनं परदेशात कंपन्या घेतल्या, कर्ज वाढलं आणि 2010 च्या सुमारास ती कोलमडली. अशा वेळी बँकेचे आकडे छापून येतात. वाइनच्या जातीचं द्राक्ष मात्र बाजारात खाण्यासाठी खपत नाही, कारण दाणा लहान, बियांचा, जाड सालीचा. ज्यानं ते लावलं त्याला वेल उपटून पुन्हा खाण्याचं द्राक्ष लावायचं तर दोन-तीन वर्षं उत्पन्नाविना काढावी लागतात. त्याची बातमी होत नाही.

2013 मध्ये नाशिकजवळ दिंडोरीच्या द्राक्षांपासून आणखी एक फेसाळ वाइन बाजारात आली, 'शांदों'. ती आणली मोएत हेनेसी यांनी. मर्लिनची ती दुसरी आवडती, दों पेरिन्यों, याच घराण्याची. फ्रान्समध्ये हे शॅम्पेनचे बडे मालक, पण दिंडोरीच्या द्राक्षांची बाटली भरताना त्यांनाही तिच्यावर शॅम्पेन लिहिता येत नाही.