गोळी थांबली, त्रास थांबला नाही

स्थळे सांगून येऊ लागली की व्यापारी घरातील तरुणाला पत्रिकेपेक्षा कपाळावरून मागे सरकणाऱ्या केसांची चिंता अधिक वाटते. सोलापूरही याला अपवाद नाही. मित्राने सुचवलेली फिनास्टेराइडची गोळी मग गुपचूप सुरू होते. वास्तविक डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून ती घेऊच नये.

हे औषध निरुपयोगी नव्हे. टेस्टोस्टेरॉनपासून शरीरात डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन बनते आणि त्याने केसांची मुळे क्षीण होतात. फिनास्टेराइड ती निर्मिती रोखते. अमेरिकेत १९९२ साली प्रोस्टेटवाढीसाठी ५ मिलिग्रॅमची, तर १९९७ साली टक्कलासाठी १ मिलिग्रॅमची गोळी मान्य झाली. म्हणजे वडिलांचे आणि मुलाचे औषध पुष्कळदा एकच!

त्या वेळच्या वर्षभराच्या चाचण्यांत गोळी घेणाऱ्या ३.८ टक्के पुरुषांनी लैंगिक तक्रारी सांगितल्या. औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण २.१ टक्के होते. औषध सोडले की त्रास मावळतो, अशी समजूत होती आणि बहुतेकांच्या बाबतीत ती खरीही ठरते. काहींची कामेच्छा मात्र औषध थांबवून महिने, वर्षे लोटली तरी परतली नाही. काहींना खिन्नतेने घेरले. अमेरिकी औषध नियंत्रकांनी २०१२ साली औषधाच्या माहितीपत्रकात अशा रेंगाळणाऱ्या लैंगिक तक्रारींची नोंद वाढवली. २०२५ साली युरोपीय औषध संस्थेच्या समितीने आत्महत्येचे विचार हाही या गोळीचा दुष्परिणाम असल्याचे मान्य केले. त्रास का रेंगाळतो, हे अद्याप निश्चित झालेले नाही. काही तज्ज्ञ गोळीशी त्याचा संबंध जोडण्यासही कचरतात.

इतका विलंब होण्यात संकोचाचाही वाटा असावा. नवविवाहित तरुण हे दुःख आईवडिलांजवळ बोलत नाही, पत्नीजवळही नाही. घरचे धंद्याचा ताण समजतात. पत्नी स्वतःत उणीव शोधते. डॉक्टरांकडे गेलाच, तरी वर्षापूर्वी सोडलेल्या गोळीचा उल्लेख तो करीत नाही. खरे तर तोच आधी करावयास हवा. मन फारच खचले असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यास एक दिवसही दवडू नये.

घरात ही गोळी असल्यास गर्भवती सुनेने तिचे तुटलेले तुकडे हाताळू नयेत. पुत्रगर्भाला अपाय संभवतो. दुष्परिणामांची नोंद करण्यासाठी शासनाचा निःशुल्क दूरध्वनी आहे : १८००-१८०-३०२४.