सायकल घेताय? मग आधी माप द्या!

ब्लाउज शिवायला टाकताना आपण कधी जाऊबाईंचं माप देतो का? नाही ना! चपलासुद्धा पायात घालून, दोन पावलं चालून मगच घेतो. पण सायकलीची गोष्ट निघाली की घरातून हमखास ऐकू येतं, "अगं, मुलाची जुनी पडलीये ना जिन्याखाली, तीच चालव की! नवी कशाला?"

मग ती उंचच उंच सायकल बाहेर निघते. पाय टेकत नाहीत, ब्रेकपर्यंत बोटं पोचत नाहीत. दोन दिवसांत कोपर सोलवटतं, चार दिवसांत पाठ धरते आणि आठव्या दिवशी सायकलीवर ओले टॉवेल वाळत पडतात. वर घरात कायमचा शिक्का बसतो, "हिला काही सायकल जमायची नाही!"

मैत्रिणींनो, न जमायला काय झालंय? ती सायकल तुमच्या मापाची नव्हती, एवढंच. पहिली सायकल घेताना रंग, गियर, कंपनी या साऱ्या गोष्टी मागाहून. पहिलं माप, आणि तेही तुमचंच.

आधी ठरवा, जायचंय कुठे?

हल्ली सायकलीच्या दुकानात पाऊल टाकलं की डोळे दिपतात. तिथला पोरगा भराभर नावं घेतो आणि आपण गोंधळून जातो. खरं तर आपल्या कामाचे प्रकार तीनच.

पहिली, आपली साधी सायकल. बसका दांडा, चेनकव्हर, मडगार्ड, कॅरियर, पुढे टोपली. भाजी, बँक, मुलांची शाळा अशा दोन-चार किलोमीटरच्या कामांना हिच्यासारखी सोय नाही. साडी नेसून चालवायची असेल तर हीच, आणि मागच्या चाकाला जाळीही बसवून घ्या.

दुसरी हायब्रीड. हँडल सरळ, चाकं मोठी, टायर मध्यम जाडीचे. कामालाही चालते आणि पहाटेच्या दहा-पंधरा किलोमीटरच्या फेरीलाही.

तिसरी रोड बाईक. खाली वळलेल्या, मेंढ्याच्या शिंगांसारख्या हँडलची, बारीक टायरची, हलकी. डांबरी रस्त्यावर ती अशी सुळकन जाते, की थोड्या श्रमात लांबचा पल्ला होतो. तुमच्या ओळखीच्या चारजणी रविवारी पहाटे हायवेला वीस-पंचवीस किलोमीटर जात असतील आणि तुम्हालाही तेच खुणावत असेल, तर रोड बाईकचा विचार जरूर करा. वय आड येत नाही. पण हिला बहुधा कॅरियर नसतो, मडगार्ड नसतं, चेनकव्हर नसतं, कित्येकदा स्टँडही नसतो. बसताना पुढे वाकावं लागतं. मेथीच्या दोन जुड्या आणायच्या म्हटलं तरी पाठीला पिशवी हवी!

तेव्हा स्वतःला प्रामाणिकपणे विचारा, आठवड्यातले सहा दिवस मी ही कशासाठी काढणार? भाचा सांगतो म्हणून रोड बाईक घेऊ नका आणि "बायकांना काय करायचीये ती" असं कुणी म्हणालं म्हणून सोडूही नका.

माप कसं घ्यायचं?

दुकानदार म्हणतो, "ही सव्वीसची, ती अठ्ठावीसची." बरं का, हा आकडा चाकाचा असतो. आपल्याला बघायची ती फ्रेम, म्हणजे सायकलीचा सांगाडा. त्याचं माप इंचात, सेंटीमीटरमध्ये किंवा कपड्यांसारखं एस, एम, एल असं असतं. पाच फूट ते सव्वापाच फूट उंचीच्या बाईला रोड बाईकमध्ये बहुधा सर्वांत लहान, म्हणजे ४४ ते ४८ सेंटीमीटरच्या आसपासची फ्रेम लागते. कंपनीगणिक थोडा फरक पडतो, म्हणून त्या कंपनीचा उंचीचा तक्ता मागा. पण तक्त्यावर न विसंबता या चार गोष्टी स्वतः करून पाहा.

१) सायकलीचा मधला दांडा दोन्ही पायांच्या मध्ये घेऊन जमिनीवर सपाट उभ्या राहा. दांडा आणि तुमच्यात एक-दोन इंच मोकळी जागा राहायला हवी. राहत नसेल तर सायकल मोठी आहे. स्वस्तात मिळत असली तरी नको.

२) भिंतीचा आधार घेऊन सीटवर बसा. पायडल पार खाली आणून त्यावर टाच ठेवा. या वेळी पाय सरळ व्हायला हवा. मग चवडा ठेवला की गुडघ्यात आपोआप किंचित वाक राहतो. सीट फार खाली असली तर गुडघे दुखतात. अगदी नवशिक्या असाल तर पहिले काही दिवस पाय टेकतील इतकी सीट खाली ठेवा आणि तोल सावरला की वर घ्या.

३) हँडल धरा. कोपरं किंचित वाकलेली, खांदे सैल. हात ताणावे लागत असतील तर पाठ आणि मान दुखणारच. हँडलला जोडणारा छोटा दांडा, ज्याला स्टेम म्हणतात, तो आखूड बसवून मिळतो. विचारायला लाजू नका.

४) ब्रेक दाबून पाहा. आपले हात लहान. पुष्कळ ब्रेकना बोटांजवळ आणण्यासाठी एक छोटा स्क्रू असतो, दुकानातच तो फिरवून घ्या. बहुतेक सायकलींना उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो, तोही ओळखून ठेवा.

आणि सीटबद्दल एक. गादीसारखी मऊ सीट दुकानात छान वाटते, पण अर्ध्या तासानं तीच टोचते, कारण आपण तिच्यात रुततो. बैठकीची दोन हाडं नीट टेकतील इतपत रुंद आणि जरा घट्ट सीट बरी. बायकांची ती हाडं सहसा अधिक अंतरावर असतात, म्हणून बायकांसाठीच्या वेगळ्या सीटही मिळतात.

गियर, शॉकअप आणि इतर मोह

"ताई, एकवीस गियर आहेत!" हे ऐकून भुलू नका. सपाट गावात विनागियर किंवा सात गियरही पुष्कळ झाले. चढउतार असले तर गियर हवेत, पण सहज बदलणारे मोजके गियर हे कुरकुरणाऱ्या एकवीसांपेक्षा केव्हाही चांगले. स्वस्त सायकलीतला शॉकअपही असाच. सायकल जड होते आणि पायडल मारायची तुमची ताकद स्प्रिंग दाबण्यात जाते. त्याऐवजी जरा रुंद टायर घ्या. टायरवर '७०० × २८ सी' असं छापलेलं असतं, त्यातला २८ म्हणजे मिलिमीटरमधली रुंदी. आपल्या रस्त्यांना २८ किंवा बसत असेल तर ३२चा टायर उत्तम. अगदी बारीक टायर गटाराच्या जाळीत अडकतात. रेल्वेचे रूळ ओलांडतानाही नेहमी काटकोनातच ओलांडा.

हवेच्या नळीचं तोंड, म्हणजे व्हॉल्व्हही बघून घ्या. रोड बाईकचा व्हॉल्व्ह बऱ्याचदा बारीक असतो आणि कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याचा पंप त्याला बसत नाही. पन्नास-शंभर रुपयांच्या आसपास एक छोटा ॲडॉप्टर मिळतो, तो पर्समध्ये असू द्या.

पैशाचा हिशेब

साधी विनागियरची सायकल आज साधारण पाच ते दहा हजारांत येते. हायब्रीड दहा हजारांच्या पुढे आणि धड बनावटीची रोड बाईक बहुधा वीस हजारांच्या पुढेच. पाच-सहा हजारांत कुणी 'रोड बाईक' दाखवत असेल तर ती फक्त दिसायला तशी, असं समजा.

पण थांबा, सगळे पैसे सायकलीतच घालू नका! हेल्मेट, भक्कम कुलूप, घंटी, पुढचा पांढरा आणि मागचा लाल दिवा, पंप, यांच्यासाठी जमवलेल्या रकमेचा पाचवा हिस्सा बाजूला ठेवा. म्हणजे भिशीचे पंधरा हजार आले असतील, तर सायकल बारा हजारांचीच बघायची. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटं बसायला हवं. मान हलवली की तेही हलत असेल तर माप चुकलं.

आणखी एक लक्षात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. पक्कं बिल घ्या आणि त्यावर किती टक्के लावलेत ते वाचा. त्याच बिलावर फ्रेमचा नंबर लिहून घ्या. तो बहुधा पायडलच्या जोडाखाली कोरलेला असतो. सायकल चोरीला गेली तर पोलिसांत हाच नंबर कामी येतो.

घरपोच मागवलेली सायकल खोक्यातून अर्धवट जोडलेली येते. ती जाणकार मिस्त्रीकडूनच जोडून घ्या आणि त्याची मजुरीही किमतीत धरा. नवी सायकल महिन्याभरात एकदा दाखवावीच लागते. नव्या तारा ताणतात, स्पोक सैल पडतात. पहिली सर्व्हिसिंग फुकट आहे का, हे घेतानाच विचारा.

जुनी घ्यायची असेल तर

थोडक्या पैशात चांगली रोड बाईक हवी तर जुनी घेणं हा शहाणपणाचा मार्ग आहे. हौसेनं घेऊन दोन महिन्यांत अडगळीत टाकलेल्या सायकली पुष्कळ असतात. मात्र पारखून घ्या.

चाक उचलून फिरवा. ब्रेकच्या रबराजवळ डोळा ठेवा. रिंग डावी-उजवी डुलत असेल तर चाकाला आउट आहे. थोडा असेल तर मिस्त्री काढून देतो. फ्रेमच्या जोडांवरून बोट फिरवा. तडा किंवा रंगाला पडलेली सुरकुती दिसली तर ती सायकल फुकटही नको. पुढचा चिमटा बाजूनं बघा, मागे ढकलल्यासारखा वाटला तर ती कुठेतरी आदळलेली आहे.

चेन तपासायला मुलांच्या दप्तरातली फूटपट्टी न्या! चेनच्या एका पिनच्या मध्यावर शून्य धरा. बारा इंचांवर बरोबर दुसऱ्या पिनचा मध्य यायला हवा. ती पिन इंचाच्या सोळाव्या भागाइतकी पुढे सरकली असेल तर चेन झिजली, नवी घालावी लागणार. आठव्या भागाइतकी सरकली असेल तर चक्रांचे दातेही गेले म्हणून समजा आणि तेवढे पैसे किमतीतून कमी करून घ्या. फूटपट्टी बाहेर काढलेली पाहूनच विकणारा निम्मा वठणीवर येतो!

मुळात येतच नसेल तर?

तर शिका! मोठेपणी शिकायची सोपी युक्ती अशी. दोन्ही पायडल काढून ठेवा, सीट पाय सपाट टेकतील इतकी खाली घ्या आणि मोकळ्या मैदानात, किंचित उतारावर, जमिनीला पायांनी रेटा देत सायकल घरंगळू द्या. नजर चाकाकडे नको, लांब समोर. तोल आला की पाय आपोआप उचलले जातात. मगच पायडल लावा. मागून सीट धरून धावणारं कुणी लागत नाही. सलवारीचा उजवा पाय रबरानं बांधा, कारण चेन त्याच बाजूला असते. ओढणी कमरेला गुंडाळून गाठ मारा.

आणि "लोक काय म्हणतील?"

त्याचं उत्तर तमिळनाडूतल्या बायकांनी केव्हाच देऊन ठेवलं आहे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला पुदुकोट्टई जिल्ह्यात साक्षरतेची मोठी मोहीम चालली होती. तिथल्या जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी त्या मोहिमेत बायकांना सायकल शिकवणंही घेतलं. शेतमजूर बायका, खाणीत दगड फोडणाऱ्या, अंगणवाडीताई, शिक्षिका, हजारोंनी बायका सायकलीवर बसल्या. टोमणे तर झालेच! पण बसची वाट बघण्यात आणि नवऱ्या-भावाची मनधरणी करण्यात जाणारा वेळ वाचला. पाण्याच्या कळश्या सायकलीवरून येऊ लागल्या.

पत्रकार पी. साईनाथ यांनी या बायकांबद्दल लिहिलं आहे. त्यातली एक गोष्ट मोठी मजेची. मागणी एवढी वाढली, की लेडीज सायकली मिळेनात. तेव्हा बायकांनी सरळ जेन्ट्स सायकली घेतल्या, आणि काहींना त्याच जास्त आवडल्या. का? तर मधल्या दांड्यावर मुलाला बसवता येतं! आज आपण मुलासाठी पट्ट्याची वेगळी सीटच बसवावी हे खरं. पण त्यांचा व्यवहार पाहा. सायकल बाईची की बाप्याची, हे दुकानातल्या पाटीवरून न ठरवता त्यांनी स्वतःच्या गरजेवरून ठरवलं.

दुकानात जाताना यजमानांना किंवा मुलाला जरूर सोबत न्या, गाडीची माहिती असली तर त्यांची मदतच होईल. पण सायकलीवर बसून पाहायचं तुम्हीच. एक चक्कर मारू देत नसेल, तर नमस्कार करून पुढच्या दुकानात जा. आणि सायकल घरी आली की पहिल्याच दिवशी सीटच्या नळीवर, तुमच्या उंचीला, रंगीत चिकटपट्टीची एक खूण करून ठेवा. घरातल्या कुणीही चालवायला नेली तरी परत आणताना सीट त्या खुणेवरच आली पाहिजे, हे सगळ्यांना बजावून सांगा.