आधी चाक, मग ब्रेक

हिरोची इम्पल्स 2011 साली आली. होंडाच्या ब्राझीलमधल्या ब्रॉस गाडीचं हे देशी रूप: दीडशे सीसी, उंच सीट, पुढे 19 आणि मागे 17 इंची तारांची चाकं. फारशी खपली नाही, पुढे बंद झाली. पण चिखल-खडकांचे शौकीन ती अजून जपतात. कुडाळच्या गॅरेजात मी पाहिली ती पावसाळाभर अंगणात उभी राहिलेली. तारा तांबूस, निपल रिमला चिकटलेले आणि पुढचा ब्रेक एकदा धरला की सुटायचं नाव नाही.

मालकाला आधी ब्रेक हवा होता. मिस्त्री म्हणाले, "चाक सरळ नाय तर ब्रेक कसो धरतलो? आधी आऊट काढूया." आऊट म्हणजे चाकाची डुल.

या क्रमाचं कारण मागच्या ब्रेकच्या ड्रममध्ये आहे. तारा हबला सगळीकडून ओढून धरतात. ओढ कमीजास्त असली तर आतला ड्रमही केसभर अंडाकृती होतो आणि ब्रेक दाबताना पायाला धडधड लागते. म्हणून ड्रम लेथवर घासायचा असलाच, तर तो चाक बांधून झाल्यावर.

अडकलेल्या निपलांना डिझेल पाजून रात्रभर ठेवलं. जे तरीही हलले नाहीत, त्यांच्या तारा कापल्या आणि जुनी तार दुकानात नेऊन लांबी जुळवून नव्या आणल्या. मग चाक चिमट्यात बसवून, बाजूला तारेचा एक तुकडा बांधून मिस्त्री ते हलकेच फिरवत राहिले. रिम उजवीकडे झुकली की खर्र आवाज येई. तिथे डावीकडची तार पाव आटा आवळायची, उजवीकडची तेवढीच ढिली करायची. बाजूची डुल गेली की वरखाली उडी तपासायची, आणि ती काढताना डुल परत येते. या कामाला घाई चालत नाही. शेवटी पान्याने एकेक तार वाजवून पाहिली: ताणलेली टणत्कारते, ढिली भद्द बोलते.

बेअरिंगचं काम झटपट झालं. दोन बेअरिंगांमधली नळी तेवढी विसरायची नाही. ती नसेल तर एक्सल आवळताच बेअरिंग जाम.

पुढच्या कॅलिपरवर मात्र मिस्त्री रेंगाळले. डिस्क ब्रेकमध्ये पिस्टन मागे ओढायला स्प्रिंग नसते. दाबताना चौकोनी काठाचं रबरी सील किंचित पिळतं आणि लिव्हर सोडताच मूळ आकारात येताना पिस्टनला मागे घेतं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. कोकणात तर विचारूच नका. सीलच्या खाचेत पांढरट खर साचला होता. सील दबून बसलेलं, म्हणून ब्रेक सुटत नव्हता. सगळे डिस्क पॅडला दोष देत होते. मिस्त्रींनी खाच लाकडी काडीने खरवडली. पेट्रोलला हात लावला नाही, त्याने रबर फुगतं. नवं सील ताज्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवूनच बसवलं.

मग हवा काढणं. लिव्हर दाबून धरायचा, कॅलिपरवरचा हवेचा निपल उघडायचा, बंद करायचा आणि मगच लिव्हर सोडायचा. बुडबुडे थांबेपर्यंत हेच. टाकीवर सांडलेला थेंब लगेच पाण्याने धुतला. हे ऑइल रंग खातं.

नव्या तारा जागा धरताना ढिल्या पडतात, तेव्हा शंभरेक किलोमीटर झाले की गाडी परत आणा, असं मिस्त्रींनी बजावलं. मालक तोवर खिशात किल्ली शोधत होता.