थकलेल्या पेशींना जागं करणारी प्रतिपिंडं

एचआयव्हीची रोजची औषधं विषाणूची वाढ रोखतात. पण प्रतिकारशक्तीच्या काही सीडी-४ पेशींच्या डीएनएत तो सुप्तावस्थेत दडून राहतो. औषधं थांबवली, की बहुतेकांमध्ये काही आठवड्यांतच तो पुन्हा वाढतो. दीर्घ संसर्गात त्याच्याशी लढणाऱ्या टी-पेशीही थकतात. त्यांच्यावरचा ‘पीडी-१’ हा रेणू ब्रेकसारखा काम करतो. जपानच्या तासुकू होन्जो यांच्या प्रयोगशाळेने तो १९९२ मध्ये शोधला. हा ब्रेक अडवून टी-पेशींना जागं करणारी प्रतिपिंडं कर्करोगावर वापरात आहेत. एचआयव्हीबाधितांवरही त्यांच्या चाचण्या झाल्या आहेत. दुसरा मार्ग दुहेरी प्रतिपिंडांचा: ती एका टोकाने बाधित पेशीला आणि दुसऱ्याने टी-पेशीला धरतात, म्हणजे मारा नेमका होतो. मात्र चेतवलेली प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटू शकते. म्हणून हे संशोधन सावधपणेच पुढे जायला हवं. तोवर रोजची गोळी चुकवू नये.