डाळिंबाची साल आणि यकृताचे संरक्षण

माळशिरस तालुक्यात नीरा उजव्या कालव्याचे पाणी जेथवर पोहोचते तेथवर ऊस उभा दिसतो. जेथे ते पोहोचत नाही, अशा हलक्या व मुरमाड रानांत अनेक शेतकऱ्यांनी डाळिंबाची कास धरली आहे. कोरडी हवा आणि बेताचे पाणी या पिकास मानवते. २००५ साली राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सोलापूर येथे स्थापन झाले आणि २०१६ साली ‘सोलापूर डाळिंब’ यास भौगोलिक मानांकन मिळाले, यावरून या पिकाचे जिल्ह्यातील स्थान ध्यानात येईल.

डाळिंबाच्या दाण्यास बाजार आहे. सालीस मात्र उकिरडा. वास्तविक फळाच्या वजनाचा सुमारे एक तृतीयांश ते निम्मा भाग सालीचाच असतो. अलीकडे या सालीचा अर्क यकृताचे विषापासून रक्षण करतो, अशी वार्ता गावोगाव पोहोचली आहे. त्यातून एक प्रश्न सहज उभा राहतो : फवारणीच्या दिवशी सालीचा काढा घेतला, तर औषधाची बाधा टळेल काय? या प्रश्नाच्या उत्तरावर माणसाचा जीव अवलंबून असल्यामुळे तो नीट तपासून पाहिला पाहिजे.

यकृताचे काम व त्याचा शत्रू

यकृत हे शरीराचे शुद्धीकरण केंद्र होय. अन्न, औषध किंवा विष यांपैकी जे काही पोटात जाते, ते रक्तावाटे प्रथम यकृतात येते. तेथे त्यावर प्रक्रिया होते आणि निरुपयोगी भाग बाहेर टाकण्याजोगा केला जातो. परंतु या खटाटोपात काही विषे अधिकच उग्र रूप धारण करतात. त्यांपासून निर्माण होणारे चंचल कण पेशींच्या आवरणातील स्निग्ध पदार्थांवर तुटून पडतात.

हे कसे घडते, ते प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. शेंगदाण्याचे तेल उघडे राहिले तर हवेतील प्राणवायूने ते खवट होते. पेशींच्या आवरणातील स्निग्धांशाचेही असेच होते. एक कण बिघडला की तो शेजारच्यास बिघडवितो, आणि आगीप्रमाणे ही साखळी पसरत जाते. यास शास्त्रज्ञ ऑक्सिडीकरणाने होणारी हानी म्हणतात.

शरीर याविरुद्ध निःशस्त्र नाही. कॅटॅलेजसारखी विकरे हे घातक पदार्थ निरुपद्रवी करतात. गावातील सभेत याचे सोपे प्रात्यक्षिक दाखविता येईल. कच्च्या बटाट्याच्या ताज्या कापावर, जखम धुण्यासाठी औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या हायड्रोजन पेरॉक्साइडचे दोन थेंब टाकावेत. लगेच फेस येतो. बटाट्यातील कॅटॅलेज त्या पदार्थाचे पाणी व प्राणवायू यांत विभाजन करीत असल्याची ती खूण होय. हेच विकर आपल्या यकृतातही असते.

म्हैसूर येथील प्रयोग

म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील के. एन. चिदंबर मूर्ती व त्यांचे सहकारी यांनी डाळिंबाच्या सालीवरील आपले संशोधन २००२ साली प्रसिद्ध केले. त्यांनी उंदीरवर्गीय प्राण्यांस कार्बन टेट्राक्लोराइड हे यकृतास घातक असलेले रसायन दिले. एका मात्रेनेच यकृतातील कॅटॅलेज ८१ टक्क्यांनी घटले आणि स्निग्धांशाचा बिघाड जवळजवळ तिप्पट झाला. ज्या प्राण्यांस अगोदर सालीचा अर्क दिला होता, त्यांची विकरे मात्र निरोगी प्राण्यांइतकीच टिकून राहिली. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या यकृताची रचनाही पुष्कळ अंशी शाबूत दिसली.

सालीत प्युनिकॅलॅजिन, एलॅजिक आम्ल इत्यादी टॅनिन वर्गातील द्रव्ये विपुल असतात. सालीस तुरटपणा येतो तो यांच्यामुळेच. ही द्रव्ये चंचल कणांचा मारा स्वतःवर घेतात व साखळी तोडतात. आपल्या वैद्यकपरंपरेने अतिसारावर डाळिंबाचा उपयोग केलेला आहे, आणि रंगकामात व कातडी कमावण्यात साल फार पूर्वीपासून वापरली जाते. या सर्वांच्या मुळाशी हीच द्रव्ये आहेत.

प्रयोगाची मर्यादा

हा प्रयोग मोलाचा आहे; परंतु त्याचा अर्थ लावताना चार गोष्टी विसरून चालणार नाही. पहिली गोष्ट, प्रयोग प्राण्यांवर झाला, माणसांवर नव्हे. दुसरी, अर्क मिथेनॉलमध्ये काढून त्याचे प्रमाण मोजलेले होते. घरचा काढा वेगळा असतो व त्यातील द्रव्यांचे प्रमाण दर वेळी बदलते. तिसरी, अर्क विषापूर्वी दिला होता. विषबाधा झाल्यानंतर तो उतारा ठरतो, असे या प्रयोगाने दाखविलेले नाही. चौथी व सर्वांत महत्त्वाची गोष्ट, विष एक विशिष्ट रसायन होते. प्रत्येक विषाचा मार्ग निराळा असतो.

सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशकांचा पहिला घाव यकृतावर नव्हे, तर मज्जासंस्थेवर पडतो. मज्जातंतूंचा संदेश थांबविणारे विकर त्यांमुळे निकामी होते. घाम सुटतो, लाळ गळते, बाहुल्या बारीक होतात, श्वास कोंडतो. तेथे डाळिंबाच्या सालीचा उपयोग नाही. ॲट्रोपीन व श्वसनास आधार यांनीच रोगी वाचू शकतो. पॅराक्वाट हे तणनाशक खरोखरच प्राणवायूचे चंचल कण निर्माण करून फुप्फुसे व मूत्रपिंडे नष्ट करते. तरीही त्यावर खात्रीचा उतारा आजवर सापडलेला नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवरील फवारणीत वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. अशा प्रसंगी काढ्यावर विसंबून घालविलेली प्रत्येक घटका जीवावर बेतते.

काविळीचा धडा

आपल्याकडे कावीळ झाली की भुईआवळीचा रस देण्याची चाल आहे. १९८८ साली मद्रास येथील त्यागराजन व त्यांचे सहकारी यांनी ‘ब’ प्रकारच्या काविळीचे विषाणू बाळगणाऱ्या लोकांस भुईआवळी देऊन पाहिली. ३७ पैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूची खूण नाहीशी झाल्याचे त्यांस आढळले. जगभर मोठी आशा निर्माण झाली. पुढे थायलंडसह इतरत्र चाचण्या झाल्या. त्यांत मात्र हे यश पुन्हा दिसले नाही.

शिवाय दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेक वेळा विश्रांतीने आपोआप बरी होते, आणि त्याचे श्रेय त्या वेळी दिलेल्या पाल्यास मिळते. मात्र काविळीचे कारण विषाणू, दारू, पित्तखडे किंवा विष यांपैकी काय आहे, हे रक्ततपासणीशिवाय कळत नाही. गरोदर स्त्रीस कावीळ झाल्यास तर क्षणाचाही विलंब धोक्याचा होय.

वनस्पती म्हणजे निरुपद्रवी, हा समजही सोडला पाहिजे. २०२० साली गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृतास इजा झाल्याचे मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदविले व २०२१ साली प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षास आक्षेप घेतला. वाद काहीही असो, जे द्रव्य शरीरावर परिणाम करते त्याची मात्रा व शुद्धता महत्त्वाची असते, हे मात्र निर्विवाद होय. आपल्या भाषेत ‘साल’ हा एकच शब्द फळाच्या व झाडाच्या आवरणास लावला जातो, त्यामुळेही घोटाळा संभवतो. डाळिंबाच्या खोडाच्या व मुळाच्या सालीत पेलेटिएरीन हे विषारी द्रव्य असते. ती घरगुती उपचारासाठी कधीही वापरू नये.

सालीवर काय उरते?

आपण तेल्या, ठिपके, फळ पोखरणारी अळी यांसाठी बागेत वारंवार फवारणी करतो. ते औषध प्रथम बसते ते सालीवरच. म्हणजे ज्या सालीत संरक्षक द्रव्ये आहेत, तिच्यावरच कीटकनाशकांचा अंश सर्वांत जास्त राहण्याचा संभव आहे. धुण्याने पृष्ठभागावरील काही अंश जातो. आत भिनलेले आंतरप्रवाही औषध जात नाही. सबब बागेतील किंवा बाजारातील फळांच्या सालीचा काढा नित्य पिणे हितावह नाही. उद्या औषधनिर्मितीसाठी सालीस मागणी आली, तरी खरेदीदार अंशतपासणीचा दाखला मागणारच. म्हणून फवारणीची नोंदवही आजपासून ठेवावी.

शेतकरी बंधूंनी व गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात :

१. डब्यावरील त्रिकोणाचा रंग पाहावा. लाल रंग सर्वांत जहाल विषाचा. त्यानंतर पिवळा, निळा व हिरवा.

२. हातमोजे, मुखपट्टी, चष्मा व अंगभर कपडे घालावेत. वाऱ्याविरुद्ध फवारू नये. शिफारस नसताना दोन औषधे मिसळू नयेत.

३. फवारणी करताना खाऊ-पिऊ नये व तंबाखू मळू नये. काम संपताच साबणाने स्नान करावे आणि कपडे वेगळे धुवावेत.

४. शेवटची फवारणी व काढणी यांत लेबलावर दिलेले अंतर राखावे.

५. बाधा झाल्यास रोग्यास मोकळ्या हवेत आणावे, कपडे उतरवून अंग धुवावे, १०८ क्रमांकास फोन करावा व औषधाचा डबा डॉक्टरांकडे सोबत न्यावा. बेशुद्ध माणसास दूध, काढा वा पाणी पाजू नये. ओकारीही काढवू नये.

डाळिंबाच्या सालीवरील संशोधन पुढे चालत राहील, आणि त्यातून एखादे औषध निघाले तर त्याचा आनंद आपणांस सर्वांआधी होईल. तोवर साल खतात घालावी आणि यकृताचे रक्षण हातमोज्यांनी, साबणाने व सावधगिरीने करावे. विष शरीरात जाऊच न देणे, हा उपाय कोणत्याही अर्काहून खात्रीचा आहे आणि तो प्रत्येक शेतकऱ्याच्या हाती आहे.