आधी स्वतःच्या पायांवर

२ सप्टेंबर १९६० रोजी रोम ऑलिंपिकमध्ये तासाभराच्या आत दोन सुवर्णपदकं न्यूझीलंडच्या वाट्याला आली. आधी ८०० मीटरच्या शर्यतीत एकवीस वर्षांच्या पीटर स्नेलनं जागतिक विक्रमवीर रॉजर मोन्सला अगदी शेवटच्या काही पावलांत मागं टाकलं. मग ५००० मीटरमध्ये मरे हालबर्गनं तीन फेऱ्या बाकी असतानाच सगळ्यांना सोडून मुसंडी मारली. रग्बी खेळताना झालेल्या अपघातानं त्याचा डावा हात कायमचा अधू झाला होता. शर्यत संपली तेव्हा अंतिम रेषेवरची फीत मुठीत घट्ट धरून तो गवतावर आडवा झाला. आठवडाभरानंतर बॅरी मॅगीनं मॅरेथॉनचं कांस्यपदक मिळवलं. तिघंही सराव करायचे ऑकलंडमध्ये आणि तिघांचा कोच एकच होता: आर्थर लिडियार्ड.

लिडियार्डकडे प्रशिक्षकाची पदवी नव्हती, शरीरशास्त्राचं शिक्षण नव्हतं. आयुष्यातली कित्येक वर्षं त्यानं बुटांच्या कारखान्यात काढली होती. पण स्वतःच्या शरीरावर केलेल्या प्रयोगांचा त्याच्याजवळचा साठा त्या काळात क्वचितच कुणाकडे असेल.

१९१७ साली जन्मलेला लिडियार्ड तरुणपणी रग्बी खेळायचा आणि आपण तंदुरुस्त आहोत अशा समजात होता. सत्ताविशी-अठ्ठाविशीत असताना क्लबमधला जॅक डोलन हा वयानं मोठा धावपटू त्याला पाचेक मैल पळायला घेऊन गेला. लिडियार्डची छाती भात्यासारखी वरखाली होऊ लागली, पाय जड झाले. डोलन मात्र आरामात पळत होता. आज ही गत असेल तर पन्नाशीत आपलं काय होईल, हा प्रश्न त्याच्या मनात घर करून राहिला. पुढचं सगळं त्या प्रश्नातून आलं, त्यात पदकाची आस नव्हती. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण त्याच्या पद्धतीत घाईला जागा नाही ती यामुळेच.

मग सुरू झाले प्रयोग. आठवड्याला किती पळायचं? कधी पन्नास मैल, कधी अडीचशेपर्यंत. किती वेगात? कधी रोज जीव तोडून, कधी एक दिवस जोरात आणि दुसऱ्या दिवशी हळू. कमी पळालं की शर्यतीच्या उत्तरार्धात दम संपतो आणि बेसुमार पळालं की शरीर मोडतं, हे त्यानं स्वतः भोगून पाहिलं. अखेर तो आठवड्याला शंभर मैलांवर, म्हणजे सुमारे एकशे साठ किलोमीटरवर येऊन थांबला. वेग असा की धाप न लागता बोलता यावं, पण रमतगमतही होऊ नये. १९५० साली ऑकलंडलाच भरलेल्या एम्पायर गेम्समध्ये तो मॅरेथॉन धावला, पदक मिळालं नाही. १९५३ आणि १९५५ मध्ये मात्र तो न्यूझीलंडचा मॅरेथॉन विजेता ठरला.

चांगला धावपटू आपसूक चांगला कोच होत नाही. स्वतःला जे मानवलं ते सगळ्यांना मानवेल, असं धावपटूला मनापासून वाटत असतं. लिडियार्डला याची परीक्षा घेण्याची संधी कारखान्यातच मिळाली. तिथं काम करणारा लॉरी किंग नावाचा तरुण त्याच्यासोबत पळू लागला आणि बघता बघता शर्यती जिंकू लागला. किंगचं शरीर वेगळं, वय वेगळं, तरी पद्धत लागू पडली. मग आसपासची आणखी मुलं आली. लिडियार्ड त्यांच्याबरोबर स्वतः पळायचा, त्यामुळे कोण कुठल्या चढावर गप्प होतो आणि कोण उतारावर उगाच सुटतो, हे त्याला स्टॉपवॉचशिवाय कळायचं. मला विचाराल तर तो कोच झाला तो इथं, रोमच्याही बऱ्याच आधी.

खरी कसोटी स्नेलची होती. ८०० मीटरचा धावपटू म्हणजे जेमतेम पावणेदोन मिनिटांचा खेळ. त्याला दर रविवारी वायटाकेरेच्या डोंगरांतून वायाटारुआची बावीस मैलांची, पस्तीस किलोमीटरची फेरी कशाला? त्या काळी सगळीकडे बोलबाला होता इंटरव्हल ट्रेनिंगचा: ट्रॅकवर छोटी अंतरं वेगानं पळायची, थोडं थांबायचं, पुन्हा पळायचं. एमिल झाटोपेकनं ४०० मीटरच्या अशा असंख्य फेऱ्या मारून जग जिंकलं होतं. तरीही लिडियार्डनं स्नेलला डोंगरात नेलं. पहिल्यांदा ती फेरी पुरी केली तेव्हा स्नेल पार गळून गेला होता. पुढे १९६२ च्या जानेवारीत त्यानं एक मैलाचा आणि आठवडाभरात ८०० मीटरचाही विश्वविक्रम मोडला. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ८०० आणि १५०० मीटर, दोन्ही सुवर्णपदकं त्याचीच होती.

हे घडतं कसं? सलग, मध्यम वेगानं पळत राहिलं की हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलू लागतं. स्नायूंमध्ये केशवाहिन्यांचं जाळं दाट होतं आणि पेशींमधली ऊर्जा तयार करणारी केंद्रं वाढतात. वेगवान सरावानं येणारी धार काही आठवड्यांत चढते. हे बदल मात्र सावकाश, महिनोन् महिने होत राहतात. निवृत्तीनंतर स्नेल अमेरिकेत शिकायला गेला, व्यायामशरीरशास्त्रात पीएचडी झाला आणि डॅलसमध्ये संशोधन करत राहिला. लांब पळण्याचा आपल्याला नेमका काय फायदा झाला, याचं उत्तर त्यानं असं दिलं: दीड-दोन तासांनंतर मंद गतीच्या स्नायुतंतूंमधला साखरेचा साठा संपत येतो, आणि मग वेगासाठी राखलेले तंतूही कामाला लागतात. म्हणजे त्या डोंगरफेरीच्या शेवटच्या टप्प्यात त्याचे ८०० मीटरचेच स्नायू कसले जात होते. गुरूला पायांनी कळलेलं शिष्यानं प्रयोगशाळेतून समजावून सांगितलं, याचा मला अतोनात आनंद वाटतो.

लिडियार्डबरोबर पळणारे फक्त शर्यतींचे धावपटू नव्हते, त्यांत हृदयरोगीही होते. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ऑकलंडमध्ये त्यानं मध्यमवयीन माणसांना आणि हृदयविकारातून उठलेल्यांना हळूहळू पळायला लावलं. हृदयविकार झालेल्यानं पलंगावर पडून राहावं, असं मानण्याचे ते दिवस होते. १९६२ च्या अखेरीस ओरेगॉनचा कोच बिल बॉवरमन तिथं आला. या गटाबरोबर पळताना सत्तरी ओलांडलेल्या, हृदयाचा झटका येऊन गेलेल्या एका गृहस्थाबरोबर राहणंही त्याला जड गेलं. परतल्यावर त्यानं आपल्या गावात हीच चळवळ सुरू केली आणि जॉगिंगवर पुस्तक लिहिलं. नायके कंपनीच्या दोन संस्थापकांपैकी एक तो हाच.

लिडियार्ड नंतर फिनलंडलाही जाऊन आला. तिथल्या प्रशिक्षकांनी त्याचे विचार आपल्या परीनं जिरवले. १९७२ च्या म्युनिकमध्ये लासे वीरेननं ५००० आणि १०,००० मीटर, तर पेक्का वासालानं १५०० मीटर जिंकली. डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकेत व्याख्यानांच्या दौऱ्यावर असतानाच लिडियार्डचं निधन झालं. वय होतं सत्त्याऐंशी.

त्याच्या पद्धतीचा विपर्यासही भरपूर झाला. लोकांनी शंभर मैलांचा आकडा तेवढा उचलला, त्यामागचा क्रम सोडून दिला आणि गुडघे दुखवून घेतले. लिडियार्ड सुरुवात करायचा शर्यतीच्या तारखेपासून आणि मोजत जायचा मागे: शेवटचे एक-दोन आठवडे हलके, त्याआधी चार-सहा आठवडे धार लावण्याचे, त्याआधी चार ट्रॅकवरचे, त्याआधी चार चढावरचे आणि सगळ्यांत आधी बारा आठवडे नुसत्या सलग पळण्याचे. मुंबई मॅरेथॉन असते जानेवारीतल्या एका रविवारी. हा हिशेब तिला लावला तर सलग पळण्याचे दिवस भर पावसाळ्यात, श्रावणाच्या आसपास सुरू होतात, आणि चढाचा सराव दिवाळीच्या आगेमागे येतो. साताऱ्याच्या यवतेश्वर घाटात किंवा सिंहगडाच्या रस्त्यावर तेव्हा सकाळी गारवा असतो. शर्यतीच्या सहा आठवडे आधी ज्यांना जाग येते, त्यांच्यासाठी या वेळापत्रकात रकानाच नाही. त्यांनी यंदा अर्धं अंतर पळावं आणि पुढच्या श्रावणापासून सुरुवात करावी.