कोटला : आधी खेळपट्टी, मग प्रेक्षक

स्वतंत्र भारताच्या भूमीवरची पहिली कसोटी नोव्हेंबर 1948 मध्ये दिल्लीच्या फिरोजशाह कोटला मैदानावर झाली. वेस्ट इंडीजने चार शतकांच्या जोरावर 631 धावांचा डोंगर उभा केला. त्याला उत्तर देताना पुण्यात जन्मलेले हेमू अधिकारी 114 धावांवर नाबाद राहिले आणि सामना वाचला. मराठी माणसाचं या मैदानाशी नातं तेव्हापासूनचं. डॉन ब्रॅडमन यांच्या 29 कसोटी शतकांची बरोबरी सुनील गावसकर यांनी 1983 मध्ये इथेच केली. डिसेंबर 2005 मध्ये सचिन तेंडुलकरने पस्तिसावं शतक झळकावून गावसकर यांचा विक्रम मोडला, तोही इथेच.

मैदान 1883 पासूनचं. शेजारी फिरोजशाह तुघलकाच्या किल्ल्याचे अवशेष आहेत आणि त्याने टोपऱ्याहून आणवलेला अशोकस्तंभ. इतकी जुनी सोबत असलेली स्टेडियमं जगात थोडीच असतील. कोटलाच्या दुरुस्तीच्या गोष्टीत हा शेजार नंतर महत्त्वाचा ठरला.

पहिली मोठी दुरुस्ती मात्र कुणी ठरवून केलेली नव्हती. जानेवारी 1999 मध्ये पाकिस्तान संघाच्या दौऱ्याला विरोध म्हणून शिवसैनिकांनी रात्रीतून खेळपट्टी खणून काढली. पहिली कसोटी चेन्नईला हलवावी लागली आणि कोटलाच्या वाट्याला दुसरी आली. महिनाभरात खेळपट्टी पुन्हा उभी राहिली. 7 फेब्रुवारीला अनिल कुंबळेने याच खेळपट्टीवर 74 धावांत पाकिस्तानचे दहाच्या दहा बळी घेतले. कुंबळेचं नाव क्रिकेटच्या इतिहासात कायमचं कोरलं गेलं. ज्या माळ्यांनी आणि मैदान-कर्मचाऱ्यांनी ती माती पुन्हा बसवली, त्यांचीही आठवण या दिवसाबरोबर काढायला हवी.

पुढच्या दशकात जुनं बांधकाम पाडून नवे, उंच स्टँड उभे राहिले. स्टेडियम नवं दिसू लागलं, पण घाव बसला तो जमिनीलाच. 27 डिसेंबर 2009 रोजी श्रीलंकेविरुद्धच्या एकदिवसीय सामन्यात चेंडू कधी घोट्याजवळून सरपटत, तर कधी अंगावर उसळत येऊ लागला. फलंदाजांना मार बसत होता. 23.3 षटकांत 5 बाद 83 धावा झालेल्या असताना सामना थांबवला गेला आणि रद्द झाला. त्यानंतर आयसीसीने 2010 हे वर्ष संपेपर्यंत कोटलावर आंतरराष्ट्रीय सामन्यांना बंदी घातली. तिकीट काढून, थंडीत कुडकुडत आलेल्या हजारो लोकांना पंचवीस षटकांचाही खेळ दिसला नाही. मैदान परतलं ते 2011 च्या विश्वचषकात. त्याच विश्वचषकासाठी मुंबईत वानखेडेही नव्याने बांधलं गेलं. तिथे प्रेक्षकसंख्या सुमारे 33 हजारांवर आणली गेली, पण बसण्याची सोय सुधारली. गर्दी कमी करून आराम वाढवायचा, हा सौदा मुंबईने उघडपणे केला.

दिल्लीत प्रश्न कागदांचा होता. आर. पी. मेहरा ब्लॉक बांधून झाला, तरी महापालिकेचं पूर्णत्वाचं प्रमाणपत्र अडकलेलं राहिलं. संरक्षित स्मारकाच्या शेजारी बांधायचं, तर पुरातत्त्व खात्याचे नियम आधी बघावे लागतात. 2015 मध्ये दक्षिण आफ्रिकेविरुद्धची कसोटी उच्च न्यायालयाच्या परवानगीने आणि निवृत्त न्यायमूर्ती मुकुल मुद्गल यांच्या देखरेखीखाली पार पडली. 2016 च्या टी-20 विश्वचषकाआधीही त्या ब्लॉकवरून घोळ झाला आणि उपांत्य सामना दुसरीकडे जाण्याची वेळ आली होती. आधी बांधायचं आणि मग परवानगीमागे धावायचं, ही सवय प्रेक्षकांच्या जिवाशी खेळणारी आहे.

डिसेंबर 2017 मध्ये इथल्या कसोटीत श्रीलंकेचे खेळाडू तोंडाला मास्क लावून क्षेत्ररक्षणाला उभे राहिले आणि धुरक्यामुळे खेळ थांबला. हे दुखणं सगळ्या राजधानी परिसराचं आहे, कुठलाही नवा स्टँड त्यावर उतारा नव्हे.

दरम्यान नावं बदलत गेली. 2017 मध्ये एका स्टँडला बिशनसिंग बेदी यांचं नाव मिळालं. 2019 मध्ये स्टेडियम दिल्ली क्रिकेट संघटनेचे माजी अध्यक्ष अरुण जेटली यांच्या नावाचं झालं, मैदान मात्र फिरोजशाह कोटलाच राहिलं. 2020 मध्ये जेटली यांचा पुतळा बसवायचं ठरल्यावर बेदी यांनी आपलं नाव स्टँडवरून काढून टाका, असं पत्र दिलं. ज्याने याच मैदानावर दिल्लीचं क्रिकेट घडवलं, त्याने ते पत्र लिहावं, याचं दुःख मोठं आहे.

2023 च्या विश्वचषकाआधी पुन्हा डागडुजी झाली. 7 ऑक्टोबरला दक्षिण आफ्रिकेने 428 धावा केल्या, श्रीलंकेने 326. एका दिवसात 754 धावा! ज्या मैदानावर फलंदाज जखमी होतील म्हणून सामना रद्द झाला होता, तिथे गोलंदाजांना दाद मागायलाही जागा उरली नाही.

खेळाडूंसाठी कोटला खरोखर बदललं, हे मान्य करायला हवं. प्रेक्षकांची कसोटी 30 जानेवारी 2025 ला लागली. विराट कोहली बारा वर्षांनंतर रणजी सामना खेळणार होता आणि प्रवेश मोफत होता. सकाळपासून रांगा लागल्या, गेटवर रेटारेटीत काही जण जखमी झाले आणि गर्दी मावेना म्हणून आणखी एक स्टँड उघडावा लागला. दुसऱ्या दिवशी रेल्वेच्या हिमांशू सांगवानने 6 धावांवर कोहलीचा त्रिफळा उडवला. पहिल्या दिवशी सकाळी रस्त्यावर उभ्या राहिलेल्या मुलांना रुंद फाटक, सावली आणि पिण्याचं पाणी एवढंच हवं होतं. कोटलाच्या पुढच्या आराखड्यात पहिली रेघ त्या फाटकापाशी ओढली जावी.